सीमारेषा आणि सत्ता : भारतीय संघराज्यातील केंद्रशासित प्रदेशांचा ऐतिहासिक अभ्यास (१९५० ते २०२४)

प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेच्या पहिल्या कलमाने भारत हा राज्यांचा संघ असल्याचे घोषित केले आहे. या संघाच्या भूप्रदेशात घटकराज्यांबरोबरच केंद्रशासित प्रदेशांचाही समावेश होतो. २०२० पासून देशात २८ घटकराज्ये व ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. घटकराज्यांच्या निर्मितीचा इतिहास मराठी वाचकास बऱ्यापैकी परिचित आहे. भाषावार प्रांतरचनेची चळवळ, राज्य पुनर्रचना आयोग, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि १ मे १९६० रोजी झालेली महाराष्ट्राची स्थापना हे विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे शिकविले जातात. त्या तुलनेने केंद्रशासित प्रदेशांचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकातील एखाद्या कोष्टकापुरता मर्यादित राहिला आहे. प्रदेशाचे नाव, राजधानी व स्थापनेचे वर्ष यापलीकडे त्याची चर्चा फारशी होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते या दुर्लक्षामुळे राज्य पुनर्रचनेचा निम्माच इतिहास आपल्यासमोर येतो. संघराज्यातील प्रदेशांची विभागणी करताना दोन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात. सीमारेषा कोठे आखावी, हा पहिला प्रश्न होय. त्या सीमारेषेच्या आत राज्य कोणी करावे, तेथील लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी की केंद्राने नेमलेल्या प्रशासकाने, हा दुसरा प्रश्न होय. भाषावार राज्यरचनेने पहिल्या प्रश्नास बऱ्याच अंशी उत्तर दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक प्रदेशास निरनिराळ्या काळी निरनिराळे मिळाले, आणि काही प्रदेशांना एकदा मिळालेले उत्तर पुढे बदललेही गेले.

अभ्यासाची उद्दिष्टे व गृहीतक

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) केंद्रशासित प्रदेश या संकल्पनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) १९५६ नंतर या प्रदेशांच्या दर्जात झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) स्वशासनाचा दर्जा कोणत्या कारणांनी ठरत गेला याचे विश्लेषण करणे.

प्रदेशाचे क्षेत्रफळ, लोकसंख्या किंवा आर्थिक क्षमता यांवरून त्यास राज्याचा दर्जा मिळतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत निबंधाचे गृहीतक याहून वेगळे आहे. स्वशासनाचा दर्जा ठरविताना केंद्रसत्तेची गरज आणि स्थानिक जनतेची संघटित मागणी हे दोन घटक निर्णायक ठरले, तर आकारमानाचा मुद्दा बहुतांशी समर्थनार्थ पुढे करण्यात आला, असे हे गृहीतक आहे. त्याच्या पडताळणीसाठी घटनात्मक तरतुदी, संसदेचे कायदे, आयोगाच्या शिफारशी व सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने उपयोग केला आहे.

वसाहतकालीन वारसा

केंद्रशासित प्रदेशाची कल्पना स्वातंत्र्योत्तर काळात नव्याने जन्मास आली असे नाही. तिचे मूळ ब्रिटिश प्रशासनात आहे. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याने काही भागांना सर्वसाधारण कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची सोय केली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने गव्हर्नरांचे प्रांत व मुख्य आयुक्तांचे प्रांत असा स्पष्ट भेद केला. दिल्ली, अजमेर-मेरवाडा, कुर्ग, ब्रिटिश बलुचिस्तान, अंदमान-निकोबार बेटे व पंथ पिपलोदा हे मुख्य आयुक्तांचे प्रांत होते. १९३७ मध्ये गव्हर्नरांच्या प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे अधिकारावर आली, तेव्हाही या भागांचा कारभार गव्हर्नर जनरलच्या वतीने मुख्य आयुक्तच पाहत होते. म्हणजे एकाच देशात काही लोकांना प्रांतिक स्वायत्तता आणि काहींना थेट प्रशासन, ही विषमता स्वतंत्र भारतास वारशाने मिळाली.

या वारशात संस्थानांच्या विलीनीकरणाने भर घातली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने घटकांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी केली. पूर्वीचे गव्हर्नरांचे प्रांत अ वर्गात, तर मोठी संस्थाने व संस्थानांचे संघ ब वर्गात आले. दिल्ली, अजमेर, कुर्ग, हिमाचल प्रदेश, भोपाळ, कच्छ, विलासपूर, मणिपूर, त्रिपुरा, विंध्य प्रदेश यांसारखे घटक क वर्गात होते आणि अंदमान-निकोबार बेटे एकटीच ड वर्गात होती. क वर्गातील घटकांना ‘राज्य’ असे नाव असले तरी त्यांचा कारभार राष्ट्रपतींच्या वतीने मुख्य आयुक्त किंवा नायब राज्यपाल पाहत असे.

१९५१ च्या क वर्ग राज्ये शासन कायद्याने यांपैकी अजमेर, भोपाळ, कुर्ग, दिल्ली, हिमाचल प्रदेश व विंध्य प्रदेश या सहा घटकांना विधानसभा व मंत्रिमंडळ दिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १९५२ मध्ये दिल्लीत चौधरी ब्रह्मप्रकाश, हिमाचल प्रदेशात यशवंतसिंह परमार, अजमेरमध्ये हरिभाऊ उपाध्याय, तर भोपाळमध्ये पुढे राष्ट्रपतिपद भूषविणारे शंकरदयाळ शर्मा मुख्यमंत्री झाले. त्यांचे अधिकार मर्यादित होते. तरीही या प्रदेशांतील जनतेने स्वतःचे विधिमंडळ असण्याचा अनुभव घेतला, ही बाब पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

१९५६ : वर्गवारीचा शेवट आणि स्वशासनाची माघार

डिसेंबर १९५३ मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर हे त्याचे अन्य सदस्य होते. ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर केलेल्या अहवालात आयोगाने चार वर्गांची विषमता नष्ट करून राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश असे दोनच प्रकार ठेवण्याची शिफारस केली. आयोगाच्या योजनेत १६ राज्ये आणि दिल्ली, मणिपूर व अंदमान-निकोबार असे तीन केंद्रशासित प्रदेश होते. क वर्गातील बाकीचे घटक शेजारच्या मोठ्या राज्यांत विलीन व्हावेत, असा आयोगाचा दृष्टिकोन होता. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. दिल्ली, हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, अंदमान-निकोबार बेटे आणि लखदीव, मिनिकॉय व अमिनदिवी बेटे हे ते सहा प्रदेश होत.

राज्य पुनर्रचनेचे वर्णन करताना १९५६ हे लोकशाहीच्या विस्ताराचे वर्ष मानले जाते. भाषिक समूहांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. मात्र क वर्गाच्या दृष्टीने याच वर्षी सहा विधानसभा संपुष्टात आल्या. कुर्ग, अजमेर, भोपाळ व विंध्य प्रदेश हे मोठ्या राज्यांत विलीन झाल्याने तेथील मतदारांना त्या राज्यांच्या विधानसभांत प्रतिनिधित्व मिळाले. दिल्ली व हिमाचल प्रदेश येथे मात्र विधानसभा गेली आणि तिच्या जागी दुसरी विधानसभा आली नाही.

हिमाचल प्रदेशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आयोगातील बहुमताने हा डोंगराळ प्रदेश पंजाबात विलीन करण्याची शिफारस केली होती. अध्यक्ष फाजल अली यांनी वेगळे मत नोंदवून त्याचे स्वतंत्र अस्तित्व राखावे असे सुचविले. पंजाबात विलीन होऊन राज्याचे नागरिक व्हावयाचे, की विधानसभा गमावून केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावयाचे, असा पेच तेथील नेतृत्वापुढे होता. त्यांनी दुसरा पर्याय पत्करला. सीमारेषा टिकविण्यासाठी सत्ता सोडावी लागली, असा याचा अर्थ होतो.

दिल्लीच्या बाबतीत आयोगाची भूमिका निराळी होती. देशाच्या राजधानीवर राष्ट्रीय सरकारचेच नियंत्रण असावे, एकाच शहरात दोन सरकारे असू नयेत आणि दिल्लीकरांची स्वशासनाची गरज महानगरपालिकेने भागवावी, असा आयोगाचा युक्तिवाद होता. त्यानुसार १९५७ मध्ये दिल्ली महानगरपालिका कायदा झाला. हिमाचल, मणिपूर व त्रिपुरा यांना १९५६ च्या कायद्यान्वये प्रादेशिक परिषदा देण्यात आल्या, पण त्यांचे स्वरूप स्थानिक स्वराज्य संस्थांसारखे होते. कायदे करण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

मुंबई : केंद्रशासित होता होता वाचलेले शहर

केंद्रशासित प्रदेशाच्या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. आयोगाने विदर्भ वगळून मराठी व गुजराती भागांचे द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले होते. त्यास महाराष्ट्रात तीव्र विरोध झाल्यानंतर केंद्र सरकारने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर असे तीन घटक करण्याचा पर्याय पुढे आणला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई शहर केंद्रशासित राहील, असे जाहीर केले. त्यानंतर मुंबईत उसळलेले आंदोलन, पोलीस गोळीबार आणि त्यात गेलेले बळी हा संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक भाग आहे. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विधेयकात बदल करून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्विभाषिक राज्य मान्य केले आणि केंद्रशासित मुंबईची योजना मागे पडली.

या आंदोलनाचे विवेचन बहुधा ‘मुंबई कोणाची’ या अंगाने केले जाते. ते अपुरे आहे. मुंबई केंद्रशासित झाली असती तर ती गुजरातला मिळाली नसती, पण महाराष्ट्रालाही मिळाली नसती आणि तेथील लक्षावधी कामगार, कर्मचारी व व्यापाऱ्यांना स्वतःच्या विधिमंडळाशिवाय राहावे लागले असते. त्यांची अवस्था १९५६ नंतरच्या दिल्लीसारखी झाली असती. दिल्लीला पुन्हा विधानसभा मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतल्यास त्या लढ्याचे आणखी एक मोल ध्यानी येते. तो भाषेचा लढा होता, त्याचबरोबर स्वशासनाचाही होता.

या घटनाक्रमातून एक महत्त्वाचा न्यायालयीन निर्णयही निष्पन्न झाला. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवीन राज्य निर्माण करण्याचा वा राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस आहे. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागविणे आवश्यक आहे, परंतु ते संसदेवर बंधनकारक नाही. मुंबई विधिमंडळाने तीन घटकांच्या प्रस्तावावर मत दिले होते, तर संसदेने द्विभाषिक राज्य मंजूर केले. म्हणून विधिमंडळाचे मत पुन्हा घ्यावयास हवे होते, असा मुद्दा बाबूलाल पराते यांनी मांडला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. घटकराज्याचे अस्तित्व संसदेच्या निर्णयावर किती अवलंबून आहे, हे या निकालाने स्पष्ट झाले.

गोवा : कौलाच्या पलीकडे

१९५४ ते १९६२ या काळात पोर्तुगीज व फ्रेंच वसाहतींच्या मुक्ततेमुळे केंद्रशासित प्रदेशांची संख्या वाढली. दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायत या स्थानिक मंडळाने चालविला. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश औपचारिकरीत्या भारतात समाविष्ट झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. पुदुच्चेरी, कराईकल, माहे व यानम या फ्रेंच वसाहतींचे प्रत्यक्ष हस्तांतर १ नोव्हेंबर १९५४ रोजी आणि कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी झाले.

१९६२ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २३९ अ समाविष्ट झाले आणि १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश शासन कायद्याने हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, पुदुच्चेरी आणि गोवा, दमण व दीव यांना विधानसभा व मंत्रिमंडळ दिले. तथापि, प्रशासक व मंत्रिमंडळ यांच्यात मतभेद झाल्यास प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे पाठविण्याची तरतूद त्यात होती. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा शब्द अखेरचा नव्हता.

गोव्यात डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्यांच्या पक्षाचा प्रमुख कार्यक्रम होता, तर जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाचा विलीनीकरणास विरोध होता. निवडणुकीच्या निकालावरून हा प्रश्न सोडवू नये असे ठरून १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा करण्यात आला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली.

या कौलाविषयी मराठी व कोंकणी अशा दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील दोन गोष्टींकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिली गोष्ट अशी की, मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्याचा पर्यायच नव्हता. मतदारांना सीमारेषेविषयी विचारले गेले, सत्तेविषयी नाही. ज्यांना गोव्याचे वेगळेपण हवे होते, त्यांना त्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराखालील मर्यादित स्वशासन स्वीकारावे लागले. हिमाचल प्रदेशाने १९५६ मध्ये जो सौदा पत्करला, त्याच जातीचा हा सौदा होता. दुसरी गोष्ट अशी की, कौलानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. सीमेचा प्रश्न आणि राज्यकारभाराचा प्रश्न हे वेगळे आहेत, हे राज्यशास्त्राच्या ग्रंथांआधी गोव्याच्या मतदाराने ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

गोव्यास घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी, म्हणजे कौलानंतर वीस वर्षांनी मिळाला. त्याच वेळी दमण व दीव हे वेगळे केंद्रशासित प्रदेश झाले. तेथील मतदार तोपर्यंत पणजीच्या विधानसभेत दोन प्रतिनिधी पाठवीत होते. गोव्याच्या पदोन्नतीबरोबर त्यांचे विधिमंडळातील प्रतिनिधित्व संपले.

दर्जा ठरविणारे घटक : तुलनात्मक विचार

१९५६ ते २०१८ या काळातील केंद्रशासित प्रदेशांचे त्यांच्या निर्मितीच्या कारणांनुसार ढोबळमानाने चार गट पाडता येतात. दूरची व संरक्षणदृष्ट्या महत्त्वाची बेटे (अंदमान-निकोबार, लक्षद्वीप) हा पहिला गट, राजधानीची शहरे (दिल्ली, आणि पंजाब व हरियाणाची संयुक्त राजधानी म्हणून १९६६ मध्ये निर्माण झालेले चंदीगड) हा दुसरा, पूर्वीच्या युरोपीय वसाहती हा तिसरा आणि डोंगराळ सीमावर्ती प्रदेश हा चौथा गट होय.

चौथ्या गटातील सर्व प्रदेश कालांतराने राज्ये झाली. हिमाचल प्रदेश २५ जानेवारी १९७१ रोजी, मणिपूर व त्रिपुरा २१ जानेवारी १९७२ रोजी, तर मिझोराम व अरुणाचल प्रदेश २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य झाले. तिसऱ्या गटातून केवळ गोवा राज्य झाले. पहिल्या व दुसऱ्या गटातून एकही प्रदेश राज्य झाला नाही.

आकारमान हा निकष असता तर चित्र वेगळे दिसले असते. २०११ च्या जनगणनेनुसार सिक्कीमची लोकसंख्या सुमारे ६ लाख १० हजार, मिझोरामची सुमारे १० लाख ९७ हजार आणि गोव्याची सुमारे १४ लाख ५८ हजार होती. ही तिन्ही राज्ये आहेत. पुदुच्चेरीची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४८ हजार, म्हणजे मिझोरामपेक्षा अधिक होती. दिल्लीची लोकसंख्या तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक होती. ही दोन्ही मात्र केंद्रशासित आहेत. आर्थिक स्वावलंबनाचा निकषही टिकत नाही, कारण ईशान्येकडील राज्ये स्थापनेच्या वेळी केंद्रीय साहाय्यावरच अवलंबून होती. मिझोरामला राज्याचा दर्जा १९८६ च्या शांतता कराराचा भाग म्हणून मिळाला. सीमावर्ती जनतेला संघराज्यात सामावून घेण्याची गरज केंद्रास वाटली आणि तेथे मागणीही प्रबळ होती. राजधानीच्या बाबतीत केंद्राची गरज नेमकी उलट होती. त्यामुळे गृहीतकास पुष्टी मिळते.

दर्जातील हा फरक केवळ नावाचा नाही. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार केंद्रीय करांतील वाटा राज्यांना मिळतो, केंद्रशासित प्रदेशांना नाही. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, चंदीगड, लडाख आणि २०२० मध्ये एकत्र करण्यात आलेले दादरा-नगर हवेली व दमण-दीव या पाच प्रदेशांना राज्यसभेत एकही जागा नाही. कलम २४० अन्वये काही प्रदेशांसाठी राष्ट्रपती विनियम करू शकतात आणि त्या विनियमांना संसदेच्या कायद्याइतकेच बळ असते. २०२१ मध्ये लक्षद्वीपमध्ये प्रशासनाने मांडलेल्या विनियमांच्या मसुद्यांवरून जो असंतोष निर्माण झाला, त्याच्या मुळाशी हीच रचना होती. ज्यांच्या जमिनीविषयी व उपजीविकेविषयी नियम होणार, त्यांचे स्वतःचे विधिमंडळच नव्हते.

दिल्लीचा अपूर्ण प्रवास

दिल्लीला १९६६ मध्ये महानगर परिषद मिळाली. ६१ सदस्यांची ही परिषद सल्ला देण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने कलम २३९ अअ समाविष्ट होऊन दिल्लीस ७० सदस्यांची विधानसभा मिळाली. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस व जमीन हे विषय मात्र वगळण्यात आले. ४ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वगळलेले विषय सोडून अन्य बाबतीत नायब राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असा निर्णय दिला. मतभेदाचे प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठविण्याचा अधिकार अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा, असेही स्पष्ट केले. ११ मे २०२३ च्या निर्णयाने प्रशासकीय सेवांवरील नियंत्रण दिल्ली सरकारकडे असल्याचे मान्य झाले. त्यानंतर आठच दिवसांनी केंद्राने अध्यादेश काढला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने कायदा करून या विषयात नायब राज्यपालांचा निर्णय अंतिम ठरविला. १९५५ मध्ये आयोगाने मांडलेला ‘एका शहरात दोन सरकारे’ हा प्रश्न ६८ वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.

२०१९ : दिशेतील बदल

१९५७ ते २०१८ या कालखंडाकडे पाहिल्यास केंद्रशासित प्रदेशाकडून राज्याकडे, किंवा विधानसभा नसलेल्या प्रदेशाकडून विधानसभा असलेल्या प्रदेशाकडे, अशीच सामान्यतः वाटचाल दिसते. दमण-दीवसारखा अपवाद लहान होता. त्यामुळे केंद्रशासित दर्जा ही राज्याकडे जाणाऱ्या वाटेवरील एक पायरी आहे, असा समज रूढ झाला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना कायदा अमलात आला आणि हा समज मोडला. एका पूर्ण घटकराज्याचे दोन केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाले. त्यांपैकी जम्मू-काश्मीरला विधानसभेची तरतूद होती, लडाखला नव्हती.

लडाखचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. लेहमध्ये केंद्रशासित दर्जाची मागणी जुनी होती, कारण काश्मीर खोऱ्यातील सत्तेखाली आपली उपेक्षा होते अशी तेथील भावना होती. २०१९ मध्ये ती मागणी पूर्ण झाली, म्हणजे सीमारेषा हवी तशी मिळाली. परंतु राज्याच्या विधानसभेतील प्रतिनिधित्व गेले. पुढील काही वर्षांतच लेह व कारगिल या दोन्ही जिल्ह्यांतून राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीचे संरक्षण यांची मागणी पुढे आली. सीमेचा प्रश्न सुटल्यावर सत्तेचा प्रश्न उभा राहतो, हा हिमाचल व गोव्याचा अनुभव येथे पुन्हा आला.

११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७० विषयक निर्णय वैध ठरविला आणि लडाखला केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे करणेही मान्य केले. मात्र संपूर्ण राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करता येते काय, हा प्रश्न न्यायालयाने निर्णयाविना ठेवला. जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत देण्याचे केंद्र सरकारने दिलेले आश्वासन हे त्याचे कारण होते. न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ मध्ये तेथे विधानसभा निवडणूक झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडून आलेले सरकार अधिकारावर आले. घटनात्मक प्रश्न मात्र तसाच उरला. तो केवळ एका प्रदेशाचा नाही. तिसरे कलम आणि बाबूलाल पराते खटल्याचा निर्णय एकत्र वाचल्यास तो कोणत्याही घटकराज्याच्या संदर्भात उपस्थित होऊ शकतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) केंद्रशासित प्रदेशाची संकल्पना वसाहतकालीन मुख्य आयुक्त प्रांतांतून आलेली आहे. १९५६ मध्ये वर्गांची नावे गेली, परंतु काही नागरिकांना पूर्ण व काहींना अपूर्ण स्वशासन देणारी विषमता राहिली.

२) क्षेत्रफळ, लोकसंख्या व आर्थिक क्षमता यांवरून दर्जा ठरला असे पुराव्यावरून सिद्ध होत नाही. केंद्राची गरज व स्थानिक मागणी यांच्या परस्परसंबंधातून तो ठरत गेला.

३) हिमाचल, गोवा व लडाख यांच्या अनुभवावरून असे दिसते की, वेगळी सीमा आणि पूर्ण स्वशासन यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ लहान प्रदेशांवर वारंवार आली. १९५६ मध्ये मुंबईवरही ती आली असती.

४) स्वशासनाची वाटचाल एकाच दिशेने होते असे मानता येत नाही. १९५६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांनी माघारीची शक्यता दाखवून दिली आहे.

महाविद्यालयीन स्तरावर राज्य पुनर्रचना हा विषय शिकविताना भाषेबरोबर स्वशासनाचा धागाही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या प्रकरणाशेजारी गोव्याचा कौल, हिमाचलचा पेच व दिल्लीची सदतीस वर्षांची प्रतीक्षा यांचा अभ्यास झाल्यास नकाशावरील रेषेच्या आत कोणाचा शब्द अखेरचा आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागेल. संघराज्याच्या अभ्यासात हा प्रश्न सीमेच्या प्रश्नाइतकाच मूलभूत आहे.